एका पन्ह्यात बसणारं जॅकेट: जपानी हिप्पारीच्या धर्तीवर पहिला कपडा कसा शिवायचा

किमोनो म्हटलं की सगळ्यांना आधी रेशीम आठवतं, फुलं आठवतात, कंबरेचा तो रुंद ओबी आठवतो. पण शिवणकामाची थोडीफार आवड असलेल्या माणसाने किमोनो उलटा करून आतून बघावा, कारण खरी गंमत तिथे आहे. आत मुंढ्याचा गोल काप नाही, कटोरी नाही, खांद्याला उतार नाही, सगळे तुकडे सरळ आणि लांबट. बाहीच्या खालच्या कोपऱ्याला कधीकधी गोलाई दिसते पण तीही कात्रीने दिलेली नसते, कापड आत दुमडून शिलाईने आणलेली असते.

किमोनोचं कापड एका लांब गुंडाळीत येतं, तिला तानमोनो म्हणतात. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, साधारण 36 ते 38 सेंटीमीटर, लांबी 12 मीटरच्या आसपास आणि अख्ख्या गुंडाळीतून एका मोठ्या माणसाचा एक किमोनो. अंगाचे दोन पट्टे, बाह्यांचे दोन, पुढच्या बाजूला जोडायचे दोन अरुंद पट्टे ज्यांना ओकुमी म्हणतात, गळ्याची पट्टी आणि तिच्यावरची छोटी पट्टी, झाले आठ तुकडे, आणि खाली चिंधी म्हणून जवळजवळ काहीच पडत नाही. आपल्याकडे शिंप्याच्या दुकानात मशीनखाली कातरणांचा जो ढीग साठतो ना, तो या पद्धतीत होतच नाही.

मला या पद्धतीबद्दल जे मनापासून सांगायचंय ते एवढंच, की इथे अंगाच्या मापाने कापड कापत नाहीत, पन्हा बघून कपडा ठरवतात आणि अंगावर बसवायचं काम घडी आणि बंद करतात. त्यामुळे कपडा शिवल्यावरही आतलं कापड कापडच राहतं, उसवलं की परत सरळ पट्टे हातात. बारीक झालात, जाड झालात, बाळंतपण झालं, कपडा बहिणीला दिला, तरी तो चालतोच. टिकाऊ फॅशन वगैरे मोठमोठे शब्द आपण ऐकतो, त्यातला शिकण्यासारखा भाग मला विचाराल तर हाच.

आता पहिल्यांदा शिवताना काय शिवावं? पूर्ण किमोनोच्या नादी लागू नका. जपानमध्ये किमोनोशिवाय वरून घालायचे आणि कामाचे साधे कपडे पण खूप प्रकारचे आहेत. हाओरी म्हणजे किमोनोवर घालायचं पुढून उघडं राहणारं जॅकेट, हांतेन म्हणजे हिवाळ्याचं, त्यात कापूस भरतात, नोरागी म्हणजे शेतात घालायचे कपडे, आणि हिप्पारी म्हणजे आखूड जॅकेट, पुढची एक बाजू दुसरीवर घेऊन कडेला बंदाने बांधायचं. नवशिक्यांसाठी हिप्पारी सगळ्यात बरं, कारण कॉटन चालतं, काज-बटण नाही, चेन नाही, इलॅस्टिक नाही आणि जीन्सवर, कुर्त्यावर, अगदी साध्या कॉटनच्या साडीवरसुद्धा छान दिसतं.

तसं बंदाने बांधायचं आपल्याला काही नवीन नाही. बाळाचं झबलं बंदानेच बांधतात आणि सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज धरणारे भक्त पांढरी बाराबंदी घालतात ती बघितली असेल तर पुढचे बंद कसे लागतात हे लगेच डोळ्यासमोर येईल. दोन्हींची परंपरा वेगळी, कापणी वेगळी, पण बंदाची सोय तीच.

कापड घेताना

मध्यम जाडीचं साध्या विणीचं कॉटन घ्या. खादी उत्तम, हातमागाचं मंगलगिरी कॉटन पण चालतं. पहिल्याच वेळी रेशीम नको, घसरतं आणि सुईची भोकं दिसतात, आणि एकदम पातळ मलमलही नको कारण गळपट्टी लुळी पडते. स्ट्रेच असलेलं कापड तर अजिबात नको, ते सरळ फाटत नाही आणि त्यातला लवचिक धागा काही वर्षांनी मरतो, मग कपडा नुसता लोंबतो. कपाटात जुनी जाड सुती साडी असेल, काठ चांगले असतील आणि मधे विरलेली नसेल तर नवीन कापड घ्यायचीच गरज नाही. साडी उजेडाकडे धरून बघा, जिथे विण पांगलेली दिसते तो भाग सोडून द्या.

36 इंच पन्ह्याचं कापड सव्वादोन मीटर पुरतं. दुकानदाराने सांगितलेल्या पन्ह्यावर विश्वास न ठेवता तिथेच टेप लावा, हातमागाच्या कापडात एखाद-दीड इंच इकडेतिकडे असतंच आणि इथे सगळा हिशोब पन्ह्यावर आहे. 36 च्या पन्ह्यात छाती 42 पर्यंतच्या माणसाला ऐसपैस बसतं. त्याहून मोठं माप असेल तर 44-45 चा पन्हा घ्या, पद्धत तीच.

घरी आणलं की रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी धुवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा. हे टाळू नका प्लीज. खादी आटते, आणि शिवल्यावर आटली तर काठाकडची शिलाई ओढली जाऊन चुण्या पडतात, त्या मग कितीही इस्त्री मारा जात नाहीत. गडद निळं किंवा मरून असेल तर वेगळ्या बादलीत.

पट्टे पाडायचे

धुतल्यानंतर लांबीतून 79 इंच काढून घ्या, उरलेला तुकडा बाजूला ठेवा, आणि पन्हा परत मोजा. गळपट्टीसाठी 8 इंच काढायचे आणि उरलेल्याचे दोन सारखे भाग करायचे. 36 असेल तर 14, 8, 14. आटून 35 झाला असेल तर साडेतेरा, 8, साडेतेरा. गळपट्टी मधल्या भागातून घ्यायची, म्हणजे दोन्ही अंगाच्या पट्ट्यांना एका बाजूने कापडाचा मूळ काठ मिळतो. हा काठ आपण बाजूच्या शिलाईत ठेवणार आहोत, तिथे मग ओव्हरलॉक लागत नाही, धागे सुटत नाहीत.

हे पट्टे कात्रीने कापू नका. अर्धा इंचाचा काप द्या आणि फाडा, साध्या विणीचं कापड धाग्याबरोबर सरळ फाटतं, खडूने आखलेली रेष कधीकधी तिरकी जाते. हातमागाचं सैल विणलेलं कापड असेल तर फाडल्याने कडा विस्कटतात, अशा वेळी एक धागा सुईने उचलून हळूहळू ओढून काढा, कापडात बारीक रिकामी रेघ दिसायला लागते, त्या रेघेवरून कात्री चालवा. वेळ लागतो पण याच्याइतकी सरळ रेष दुसऱ्या कशाने येत नाही.

आता 14 इंची दोन पट्टे घ्या आणि प्रत्येकाचे आडवे दोन भाग करा. एक 57 इंच लांब, हा अंगाचा, मागच्या खालच्या कडेपासून वर खांद्यावरून जाऊन पुढच्या खालच्या कडेपर्यंत एकसंध येणारा, म्हणजे खांद्याला शिलाईच नाही. आणि दुसरा 22 इंच लांब, हा बाहीचा, तोही वर घडीवर येतो. 57 मधून दोन्ही बाजूंचे दीड-दीड इंच खालच्या दुमडीत जातील आणि जॅकेटची तयार लांबी 27 इंच येईल, म्हणजे कंबरेखाली नितंबापर्यंत.

मधली 8 इंची पट्टी आता 79 इंच लांब आहे. तिच्यातून 65 इंच गळपट्टीसाठी काढा, उरतात 14. या 8 बाय 14 च्या तुकड्याचे दोन-दोन इंचाचे चार पट्टे करा, चार बंद झाले. बघा, चिंधी शून्य. जॅकेट लांब हवं असेल तर अंगाचा पट्टा लांब घ्या, मधली पट्टी आपोआप तेवढीच लांब होते आणि गळपट्टीला पुरते, हिशोब बिघडत नाही. सव्वादोन मीटरमधून शेवटी जो छोटासा तुकडा उरेल तो फेकू नका, त्याचं काम पुढे सांगते.

शिवायला बसताना

मशीन असेल तर टाका थोडा मोठा ठेवा, 3 मिलिमीटरच्या आसपास, कारण पुढेमागे उसवायचं आहे हे आत्ताच डोक्यात ठेवायचं. हाताने शिवणार असाल तर धावदोरा पुरेसा आहे. खरे किमोनो पिढ्यान्पिढ्या हातानेच, धावदोऱ्याने शिवले गेले, कारण ताण आला तर आधी दोरा तुटावा, कापड फाटू नये, आणि दोरा परत घालता येतो. म्हणूनच दोरा पण कॉटनचा घ्या, नायलॉनचा कापडालाच कापतो. माया, म्हणजे शिलाईच्या बाहेर सोडायचं कापड, सगळीकडे अर्धा इंच.

सुरुवात पाठीपासून. अंगाचे दोन्ही पट्टे अर्ध्यात दुमडून खांद्याची घडी पाडा, बोटाने दाबून इस्त्री मारा. काठ बाहेरच्या बाजूला, फाडलेली कड मधे अशी दोन्ही शेजारी ठेवा आणि मागच्या मधल्या शिलाईने खालपासून खांद्याच्या घडीपर्यंत जोडा, घडीच्या पुढे जायचं नाही, पुढची बाजू उघडी राहणार आहे. ही शिलाई फाडलेल्या कडांची असल्यामुळे धागे सुटतील, तर एका बाजूची माया थोडी कातरून दुसरीत गुंडाळून परत टीप मारा. कोरियात उरलेल्या तुकड्यांचे जोगाक्बो नावाचे कापडी रुमाल करतात ना, त्यांच्या शिलाया अशाच बंद असतात, उलट-सुलट दोन्हीकडून स्वच्छ. जॅकेट उलटं घालता यावं असं वाटत असेल तर सगळ्याच शिलाया अशा करा, मेहनत जास्त आहे पण दोन कपड्यांचा वापर मिळतो.

मग बाह्या. बाहीचा काठ आणि अंगाचा काठ समोरासमोर, बाहीची घडी बरोबर खांद्याच्या घडीवर, आणि बाहीच्या दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा इंच सोडून मधली शिलाई. सगळं सपाट टेबलावर होतं, मुंढा फिरवायची झटापट नाही. नंतर जॅकेट उलटं दुमडून बाहीची खालची शिलाई आणि बाजूची शिलाई मारा. काखेच्या कोपऱ्यात पुढे-मागे दोनदा टीप घ्या कारण हात वर केला की सगळा ताण तिथे येतो. बाजूच्या शिलाईत बंद अडकवायचे आहेत हे विसरू नका, त्याचं खाली सविस्तर लिहिलंय, ते आधी वाचा आणि मग शिवा. बाजू खालून पाच-सहा इंच उघडी ठेवली तर मांडी घालून बसताना बरं पडतं.

बाहीची कड एक इंच दुमडा, खालची कड दीड इंच दुमडा, हातशिलाई करा. बाही मनगटाच्या जरा वर संपेल, तशीच असू द्या, हे मुळात कामाचं जॅकेट आहे, भांडी घासताना, कुंड्यांना पाणी घालताना ओली होत नाही.

गळपट्टी, इथे घाई नको

सगळ्या कपड्याचं रूप गळपट्टीवर असतं, म्हणून हा भाग वेळ काढून करा, शक्यतो दिवसाच्या उजेडात.

पाठीच्या मधल्या शिलाईपासून दोन्ही बाजूंना खांद्याच्या घडीवर तीन-तीन इंच मोजून खूण करा आणि तेवढाच सरळ आडवा काप द्या. अख्ख्या कपड्यात अंगाच्या कापडाला आपण हा एवढाच काप देतोय. कापाच्या टोकाला आतून बोटाएवढा कापडाचा तुकडा लावून चार टाके घालून घ्या, नाहीतर पुढे तिथूनच फाटायला सुरुवात होते.

आता पुढची कड. कापाच्या टोकापासून खाली 15 इंचावर मधल्या कडेपर्यंत खडूने तिरकी रेष काढा. म्हणजे वर तीन इंच रुंद आणि खाली निमुळता होत गेलेला त्रिकोण तयार झाला. आपली सवय काय, की हा त्रिकोण कापून टाकायचा. कापायचा नाही! किमोनोतही असं जास्तीचं कापड कापून टाकत नाहीत, गळपट्टीच्या आत ठेवतात. त्याने दोन गोष्टी होतात, गळपट्टीला आतून भरीव आधार मिळतो, कॅनव्हास लावायला लागत नाही, आणि कपडा उसवला की पट्टा पूर्ण रुंदीचा परत मिळतो.

गळपट्टीची लांब पट्टी घ्या, मधोमध खूण करा, ती खूण पाठीच्या शिलाईवर ठेवा, सुलट बाजूला सुलट बाजू. टाचण्या लावताना मधून दोन्ही बाजूंना जायचं, एका टोकापासून सुरुवात केलीत तर एक बाजू आखूड पडते. मागे माया अर्धा इंच, मग कापाच्या टोकावर शिलाई वळवायची, तिरक्या रेषेवरून खाली यायचं आणि पुढे सरळ कडेबरोबर अर्ध्या इंचावर खालपर्यंत. वळणाच्या जागी सुई कापडात रोवून ठेवून कापड फिरवा, सुई वर काढून फिरवलं तर चुणी पडते. तिरक्या रेषेवर कापड ओढू नका, तिरका धागा ताणला जातो आणि गळा बाहेर फुगतो, पट्टीच किंचित ताणून धरा आणि अंगाचं कापड सैल सोडा.

शिवून झालं की पट्टी वर उलटवा, दुसऱ्या कडेला अर्धा इंच दुमड द्या, त्रिकोण आणि माया सगळं आत घेऊन पट्टी मधोमध दुमडा आणि आतून हातशिलाईने बसवा. तयार पट्टी साडेतीन इंच रुंद येते आणि आतला त्रिकोण तीन इंचाचा, बरोबर मावतो. खालची टोकं आत दुमडून बंद करा. पट्टी थोडी उरेल, तिचा मागच्या गळ्याला लटकवायचा फास करा किंवा कापाच्या टोकांना जे तुकडे लावायला सांगितले ते आधीच इथून काढून ठेवा.

बंद, आणि कुठली बाजू वर

चारही बंद लांबीत दुमडून अर्धा इंच रुंद शिवून घ्या. खांद्यापासून साधारण 16 इंच खाली, म्हणजे कंबरेच्या जरा वर, जागा ठरवा. एक बंद डाव्या बाजूच्या शिलाईत आतल्या बाजूने, त्याचा जोडीदार उजव्या गळपट्टीच्या कडेला. दुसरा बंद उजव्या बाजूच्या शिलाईत बाहेरून, त्याचा जोडीदार डाव्या गळपट्टीच्या कडेला. घालताना आधी उजवी बाजू आत घ्या, आतला बंद बांधा, मग डावी बाजू वरून घेऊन बाहेरचा बंद बांधा.

डावी बाजू नेहमी वर. स्त्री असो पुरुष असो, तेच. चीनमध्ये हान लोकांच्या कपड्यात हीच रीत होती आणि जपानमध्ये सन 719 मध्ये दरबारातून सगळ्यांनी असंच नेसावं असा हुकूम निघाला. उलटं, म्हणजे उजवी बाजू वर, हे जपानमध्ये मृत माणसाला नेसवताना करतात. त्यामुळे फोटो टाकण्याआधी, विशेषतः सेल्फी कॅमेऱ्याने फोटो उलटा दिसतो तेव्हा, एकदा नजर टाका. आपल्याकडेही काही गोष्टी फक्त अंत्यविधीच्या असतात आणि परक्याने त्या सहज केल्या तर आपल्याला चमकायला होतं, तसंच त्यांचंही आहे. आणि हेही असू द्या, की आपण शिवलं ते हिप्पारीच्या धर्तीचं जॅकेट, त्याला किमोनो म्हणून मिरवू नका. नाव नीट घेतलं की ज्यांच्याकडून शिकलो त्यांचा मान राहतो.

वापरायला लागल्यावर

सगळ्यात आधी मळते ती गळपट्टी, आपल्या उन्हा-घामाच्या हवेत तर चार दिवसांत. यावर तिकडचा जुना उपाय फार छान आहे. किमोनोच्या आतल्या वस्त्राच्या गळ्यावर हान-एरी नावाची वेगळी पट्टी नुसत्या कच्च्या टाक्यांनी लावतात, मळली की काढून धुतात. कोरियात जोगोरीच्या, म्हणजे तिथल्या आखूड वरच्या कपड्याच्या, गळ्यावर दोंगजोंग नावाची पांढरी पट्टी असते, तीही बदलायची. तर आपण उरलेल्या तुकड्यातून किंवा जुन्या पांढऱ्या धोतरातून 5 इंच रुंद पट्टी काढायची, मानेच्या भागावर, साधारण 24 इंच लांबीत, लांब-लांब कच्चे टाके घालून बसवायची. दर आठवड्याला टाके ओढले की सुटते. अख्खं जॅकेट मग फार कमी वेळा धुवावं लागतं, कापडही जास्त टिकतं, पाणीही वाचतं. मी तर म्हणेन दोन रंगांच्या पट्ट्या करून ठेवा, एक पांढरी, एक इरकली साडीच्या जुन्या काठाची, तेच जॅकेट दोन वेगळ्या ठिकाणी घालता येतं.

विरायला लागतं ते कोपराला आणि काखेला. तिथे आतून तुकडा लावून धावदोऱ्याच्या जवळजवळ ओळी घाला. जपानमध्ये याला साशिको म्हणतात, आणि ज्यांच्या घरी गोधडी शिवतात त्यांना हे शिकवायची गरजच नाही, हात आधीच तयार आहे. उत्तर जपानच्या तोहोकू भागात थंडीमुळे कापूस पिकत नव्हता, पश्चिमेकडून जहाजाने आलेल्या जुन्या सुती कपड्यांचे तुकडे लोक जपून वापरायचे, एकावर एक ठिगळं लावत जायचे, ते कपडे बोरो म्हणून आज संग्रहालयात ठेवले आहेत. त्याच भागातल्या त्सुगारूमध्ये एडो काळात (साधारण सतरावं ते एकोणिसावं शतक) शेतकऱ्यांना सुती कपडे वापरायला मनाई होती, तर बायकांनी तागासारख्या जाड निळ्या कापडावर पांढऱ्या सुती दोऱ्याने इतकं दाट भरतकाम केलं की विणीतली भोकं बुजली आणि ऊब मिळाली, ती कोगिन. गरजेतून आलेलं काम आहे हे. म्हणून नवीन धडधाकट कापडावर नुसतं दिसायला ठिगळ लावण्यापेक्षा जिथे खरंच विरलंय तिथे लावा, ते आपोआप सुंदर दिसतं.

ठिगळाला दोरा निवडताना जाड पण सैल पिळाचा सुती घ्या, भरतकामाचा सहापदरी दोरा चालतो, तीन पदर सोडवून. टाका वर थोडा लांब, खाली थोडा आखूड, आणि ओळ संपली की लगेच गाठ मारून ओढू नका, कापड दोन्ही हातांनी ताणून सरळ करा म्हणजे दोरा आपली जागा घेतो, मग पुढची ओळ.

थंडीसाठी याच मापाचं दुसरं जॅकेट जुन्या फ्लॅनेलचं किंवा मऊ झालेल्या सोलापुरी चादरीचं करा, पण बंद आणि गळपट्टी न लावता, आणि ते आतून फक्त मानेपाशी आणि मनगटापाशी कच्च्या टाक्यांनी अडकवा. जपानमध्ये 1 जून आणि 1 ऑक्टोबरला कपडे बदलायची पद्धत आहे, उन्हाळ्यात बिनअस्तरी, बाकी वेळ अस्तराचे. आपण आपल्या हवेप्रमाणे दिवाळीनंतर अस्तर लावायचं, होळीला काढायचं. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्यांना तर हे फारच कामाचं, कारण तिकडे घरात हीटर आणि बाहेर बर्फ.

लहान मुलांसाठी शिवायचं असेल तर आपल्याकडचं "वाढत्या अंगाचं शिवा हो" आठवा. तिकडे मुलांच्या किमोनोला खांद्यावर आणि कंबरेवर मोठे टक घालतात आणि मूल वाढेल तसे सोडतात. आपल्याही छोट्या जॅकेटला अंगाच्या पट्ट्यात चार इंच जास्त लांबी घेऊन कंबरेपाशी बाहेरून दिसेल असा आडवा टक घाला, आणि बाहीत खांद्याजवळ एक. मुलांच्या अंगावर टक गोडच दिसतात, लपवायची गरज नाही. दरवर्षी थोडा सोडायचा.

आणि जेव्हा जॅकेट खरोखर थकेल, बाहेर घालण्यासारखं राहणार नाही, तेव्हा उसवा. जपानमध्ये किमोनो धुवायची जुनी रीतच अशी होती, आराइहारी. सगळा कपडा उसवायचा, पट्टे परत टोकाला टोक जोडून मूळ गुंडाळीसारखे लांब करायचे, धुवायचे, फुनोरी नावाच्या समुद्री शेवाळाची खळ द्यायची, बांबूच्या बारीक काड्यांनी ताणून वाळवायचे आणि परत शिवायचं, शिवताना विरलेला भाग आत आणि चांगला भाग बाहेर असा बदलून घ्यायचा. तुम्ही एवढं सगळं नका करू, पण पुढचा पट्टा मागे आणि मागचा पुढे एवढं जरूर करा. डाव्या-उजव्या बाह्या बदला. आपली तांदळाची खळ दिली की जुनी खादीही परत ताठ होते. त्याहूनही जुनं झालं तर 14 इंची पट्टे तयारच आहेत, पिशवी होते, उशीचा अभ्रा होतो, शेवटी गोधडीत जातात.

पहिलं जॅकेट जमलं की पुढे कोरियन चिमाच्या धर्तीचा गुंडाळायचा स्कर्ट करा, त्यात तर बाह्याही नाहीत. जुनी सुती साडी, तिचा 45 इंची पन्हा हीच स्कर्टची लांबी, तीन मीटरचा तुकडा घेऊन वरच्या बाजूला बारीक चुण्या घालायच्या, कंबरेच्या दीडपट लांब पट्टीवर बसवायच्या, पट्टीच्या दोन्ही टोकांना लांब बंद. काठ खाली येतो, दुमडायला नको. उंची कमी असेल तर कापू नका, कंबरेपाशी आत दुमड घ्या, वरून जॅकेट आलं की झाकली जाते.

पट्ट्यांची मापं, धुतल्यानंतरचा पन्हा आणि कापड कुठून घेतलं हे एका कागदावर लिहून त्या उरलेल्या तुकड्याला टाचून ठेवा. ठिगळ लावायची वेळ येईल तेव्हा तोच रंग, तीच विण हाताशी असेल. मधेमधे जॅकेट धुताना तो तुकडाही बरोबर धुवत जा, म्हणजे दोघांचा रंग सारखाच उतरतो आणि ठिगळ वेगळं उठून दिसत नाही.